हँडब्रेक पुन्हा पुन्हा वर येतोय? वायर ताणण्याआधी ड्रम उघडा

तक्रार एकच असते. पूर्वी चार-पाच कटात, म्हणजे लिव्हर ओढताना होणाऱ्या चार-पाच कट-कट आवाजांत, घट्ट धरणारा हँडब्रेक आता पार वर येतो, आणि एवढा ओढूनही गाडी उतारावर हळूच सरकते. गॅरेजात नेली की मेकॅनिक लिव्हरखालचं प्लास्टिकचं कव्हर काढतो, "वायर ढिली झालीय भाऊ, ओढून देतो," म्हणतो आणि नट दोन-तीन आटे फिरवून देतो. पाच मिनिटांचं काम. लिव्हर खाली येतो, आपणही खूश. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असं दोन-चार वेळा झालं की वायर बदलायचा सल्ला मिळतो. वायर बदलली तरी दुखणं परत येतं.

दुखणं वायरीत नसतंच. बहुतेक वेळा ते मागच्या चाकांच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्यात असतं, आणि दर वेळी ताणलेली वायर ते वाढवत जाते. ड्रम आधी आणि वायर सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तर ही तक्रार वर्षानुवर्षं परत येत नाही. हे एवढं नीट कळावं म्हणून हा लेख लिहितोय, कारण आपल्याकडे हँडब्रेकला कोणी गंभीरपणे घेत नाही आणि मग एखाद्या दिवशी उभी केलेली गाडी आपोआप चालायला लागते.

मराठवाड्यात हे उशिरा का कळतं, त्याला कारण आहे. परभणी, नांदेड, जालना या पट्ट्यात गोदावरीकाठची सपाट जमीन. मोंढ्यात गाडी लावली, गिअरमध्ये टाकली, उतरलो. हँडब्रेक महिनोन्‌महिने ओढलाच जात नाही. मग श्रावणात वेरूळ-खुलताबादला जायचं निघतं, दौलताबादच्या दिल्ली दरवाजाजवळ चढावर गाड्यांची रांग लागते, पुढची गाडी दोन हात सरकते आणि थांबते. किंवा नवरात्रात तुळजापूर, किंवा माहूरगडाचा रस्ता, कन्नडचा घाट, मांजरसुंब्याची चढण. अशा ठिकाणी पहिल्यांदा लक्षात येतं की पाय काढला की गाडी मागे येतेय. त्यातून गाडीत सात माणसं आणि डिकीत सामान.

या ओझ्याचा हिशेब एकदा डोळ्यासमोर आणा. युरोपातल्या नियमानुसार प्रवासी गाडीचा पार्किंग ब्रेक पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर धरून ठेवू शकला पाहिजे, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २० मीटर वर जाणारा रस्ता. हजार किलोची रिकामी गाडी अशा चढावर उभी असेल तर तिला खाली ओढणारा जोर साधारण १९६ किलोचा असतो. त्यात माणसं आणि सामान धरून ३५० किलो चढवा, तो जोर २६५ किलोच्या आसपास जातो. घरासमोरच्या सपाट गल्लीत रिकामी गाडी धरणारा हँडब्रेक तुळजापुरात का सोडतो, ते यावरून कळेल.

आधी आपल्या गाडीत कोणता ब्रेक आहे ते बघा

अल्टो, वॅगन आर, इंडिका, अर्टिगा, बोलेरो अशा बहुतेक गाड्यांत मागे ड्रम असतो आणि हँडब्रेकची वायर त्याच ड्रममधले शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे) ओढते. पायाचा ब्रेक तेलाने चालतो, हँडब्रेक नुसत्या वायरीने. लायनर (शूवरचे घासून धरणारे थर) मात्र दोघांचे तेच. लेखातला मोठा भाग याच गाड्यांसाठी आहे.

काही महागड्या गाड्यांत मागे डिस्क असते. तिथे दोन तऱ्हा आहेत. एकीत वायर थेट कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅडने आवळणाऱ्या भागाचा, पिस्टन दाबते, दुसरीत डिस्कच्या मधल्या डब्यासारख्या भागात छोटे वेगळे शू बसवलेले असतात. नव्या गाड्यांत लिव्हरच नसतो, बटण असतं आणि मागच्या कॅलिपरवरची मोटर पॅड आवळते. जुन्या विलीज घाटणीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकावर नसायचाच. ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर, एक ड्रम असायचा आणि तो शाफ्टलाच धरायचा. या शेवटच्या प्रकाराचा एक धोका पुढे चाक बदलण्याच्या भागात सांगतो.

ड्रमच्या आत काय बिघडतं

ड्रम उघडल्यावर दोन अर्धगोल शू समोरासमोर दिसतात. वर त्यांच्या मध्ये व्हील सिलिंडर (पायाच्या ब्रेकच्या तेलाने शू फाकवणारा), खाली टेकू. मागच्या शूला चिकटून एक उभा लोखंडी लिव्हर असतो, त्याच्या खालच्या टोकाला हँडब्रेकची वायर अडकवलेली. वर दोन्ही शूंच्या मध्ये एक आडवी दांडी. वायर ओढली की लिव्हर ती दांडी पुढे ढकलतो, दांडी पुढच्या शूला ड्रमवर दाबते आणि त्याच जोराने मागचा शूही मागे दाबला जातो.

सगळी गोम त्या आडव्या दांडीत आहे. पुष्कळ गाड्यांत तिच्यावर आटे आणि एक छोटं दातेरी चाक असतं. लायनर झिजला की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते. पायाचा ब्रेक दाबल्यावर शू नेहमीपेक्षा जास्त फाकतात, एक लहान पट्टी त्या चाकाला एक दाता पुढे सरकवते आणि दांडी केसभर लांब होते. फट पुन्हा होती तेवढी. गाडी आपली आपण सेटिंग करत राहते, म्हणूनच याला सेल्फ अॅडजस्टर म्हणतात. प्रत्येक कंपनीची रचना थोडी वेगळी, पण काम हेच.

हे चाक फिरायचं थांबलं की हँडब्रेक वर यायला लागतो. आपल्याकडे ते थांबायला फार काही लागत नाही. उन्हाळ्यात पाणंदीवरचा फुफाटा ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या फटींतून आत जातो आणि लायनरच्या काळ्या भुकटीत मिसळतो. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चाकाला लागतो, त्याचं पाणी आत झिरपतं. पुन्हा ऊन. या सगळ्याचा दातेरी चाकाभोवती कडक थर बसतो. ड्रम उघडून ते चाक बोटाने फिरवून बघा. चांगल्या अवस्थेत ते सहज फिरतं आणि दर दात्याला बारीक टिक वाजते. बिघडलेलं असेल तर दात दिसतच नाहीत, नुसता काळपट गोळा दिसतो आणि पकडीने धरल्याशिवाय हलत नाही.

आता वायर ताणल्याने काय होतं ते पाहा. हँडब्रेक पूर्ण खाली असताना ड्रममधला तो उभा लिव्हर शूवरच्या आपल्या टेकूला टेकलेला असला पाहिजे. फट वाढलेली असताना मेकॅनिक नुसती वायर आवळतो, तेव्हा लिव्हर टेकूवरून सुटतो आणि पुढे ओढलेलाच राहतो. आडव्या दांडीवर कायमचा दाब पडतो. दातेरी चाकाला फिरायला जी मोकळीक लागते ती उरत नाही. अॅडजस्टर आतापर्यंत थोडाफार चालत असेल तर तोही बंद पडतो. लायनर झिजत राहतो, फट वाढत राहते, हँडब्रेक पुन्हा वर येतो, पुन्हा वायर आवळली जाते. नटाचे आटे संपेपर्यंत हे चालतं. मधल्या काळात पायाचा ब्रेकही खाली जायला लागतो, कारण मागच्या शूंना ड्रमपर्यंत पोचायला जास्त तेल लागतं. हँडब्रेक वर आणि पॅडल खाली, दोन्ही एकदम दिसलं तर अॅडजस्टर अडकलाय असं जवळपास धरून चाला.

घरच्या घरी तपासणी

पहिली गोष्ट, कट मोजा. हँडब्रेक पूर्ण खाली करा, मग सावकाश वर ओढा आणि आवाज मोजा. किती कटांत धरला पाहिजे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पुष्कळ लहान गाड्यांत तो ४ ते ९ च्या दरम्यान असतो. दोन-तीन कटांतच दगडासारखा घट्ट होत असेल तर त्यावरही खूश होऊ नका. ती बहुधा जास्त ताणलेली वायर असते, आणि चाक चालताना घासत असण्याची शक्यता आहे.

दुसरी चाचणी मोकळ्या सपाट जागेत. पुढे-मागे कोणी नको. इंजिन चालू, हँडब्रेक पूर्ण वर, पहिला गिअर, आणि क्लच अगदी हळू सोडायचा. एक्सलेटरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही. हँडब्रेक चांगला असेल तर इंजिन दबून बंद पडेल किंवा बंद पडायला येईल. गाडी आरामात पुढे निघाली तर मागची चाकं धरत नाहीत. ही चाचणी एकदाच करा, वारंवार केली तर क्लच प्लेट झिजते.

दोन्ही चाकं सारखी धरतात का, हे बघायला मागची बाजू जॅकवर घ्यावी लागते. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावल्याशिवाय हे करू नका, आणि जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक एकेक कट वर, आणि दर कटाला दोन्ही चाकं हाताने फिरवून बघायची. एक चाक तिसऱ्या कटाला अडतं आणि दुसरं सातव्या कटालाही फिरतं असं दिसलं, तर दोष फक्त त्या दुसऱ्या बाजूला आहे. तिथला अॅडजस्टर किंवा त्या बाजूची वायर बघायची. अशा वेळी मधला नट आवळून उपयोग नाही. जे चाक आधीच धरतंय ते घासायला लागेल, एवढंच.

ड्रम उघडल्यावरचं काम

हे काम स्वतः करणारे थोडेच असतील. पण आपल्यासमोर करून घेता यावं म्हणून क्रम माहीत हवा. ब्रेकचं काम पहिल्यांदाच करणार असाल तर शेजारी जाणता माणूस असू द्या.

सुरुवातीलाच लिव्हरजवळचा नट सैल करून वायर पूर्ण ढिली करायची. बाकी सगळं याच्यानंतर. वायर ताणलेली असताना ड्रम बसवून काहीही सेट केलं तरी ते खोटं सेटिंग असतं.

ड्रम अडकलेला असतो. पुष्कळ गाड्यांच्या ड्रमवर आट्यांची दोन रिकामी भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट लावून दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. हातोड्याने कडेवर मारायची घाई नको, ड्रम ओतीव लोखंडाचा असतो आणि तडकतो. ड्रमच्या आतल्या काठाला झिजेने उभी धार आली असेल तर शू त्यात अडकतात. तेव्हा मागच्या पत्र्यावरची रबरी टोपी काढून स्क्रूड्रायव्हरने अॅडजस्टर मागे फिरवावा लागतो.

आतली काळी भुकटी तोंडाने फुंकायची नाही आणि कंप्रेसरच्या हवेनेही उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि नसला तरी ती धूळ छातीत जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने पुसून काढा किंवा ब्रेक क्लीनर मारा. आपल्याकडे गॅरेजात हवेची नळी हातात घेऊनच माणूस ड्रमसमोर बसतो. त्याला थांबवा, त्याच्याच भल्याचं आहे.

मग अॅडजस्टर काढून आटे पूर्ण उघडायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावून पुन्हा बसवायचा. ग्रीस जास्त झालं तर ते वितळून लायनरवर जातं. डाव्या आणि उजव्या बाजूच्या अॅडजस्टरचे आटे सहसा उलटसुलट असतात, म्हणून एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडायची. दोन्ही एकदम उघडून सुटे भाग एका ताटात टाकले आणि अदलाबदल झाली, तर फट कमी व्हायच्या जागी दर ब्रेकला वाढत जाते. नव्या लायनरनंतर लगेच हँडब्रेक बिघडल्याच्या काही तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

उभा लिव्हर हाताने पुढे-मागे हलवून बघा, टेकूला येऊन टेकतो का. वायर बाहेरच्या नळीत मोकळी सरकते का. नळीचं रबर फाटलेलं असेल तर त्यात पाणी जातं, आतली वायर गंजते, आणि लिव्हर खाली केला तरी ती परत येत नाही. अशी वायर तेल सोडून तात्पुरती मोकळी होते खरी, पण ती बदलायचीच.

लायनरची जाडी पाहा आणि ड्रमच्या आतला व्यास मोजून घ्या. जास्तीत जास्त किती चालतो तो आकडा ड्रमवरच उठवलेला असतो. त्याच्या पुढे गेलेल्या ड्रमला नवे लायनर टाकून पैसे वाया जातात.

बसवताना अॅडजस्टर एवढा उघडायचा की ड्रम थोडा जोर लावून आत जाईल आणि फिरवल्यावर लायनर अगदी हलके घासल्याचा आवाज येईल. चाकं लावल्यावर इंजिन चालू करून पायाचा ब्रेक पुरा दाबायचा आणि सोडायचा, पुष्कळ वेळा. सुरुवातीला आतून टिक-टिक ऐकू येते, मग ती थांबते. थांबली म्हणजे फट बरोबर झाली. आता वायर. लिव्हरजवळचा नट फिरवत पुस्तिकेतल्या कटांवर आणायचा, लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना ते बघायचं. झालं काम. यात एखादा तास-दीड तास जातो, आणि म्हणूनच घाईतलं गॅरेज ते करत नाही.

ड्रम ओला असेल तर

सगळं सेटिंग बरोबर असूनही ब्रेक धरत नसेल तर लायनरवर तेल असू शकतं. कोणतं तेल, यावरून रोग कळतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत, म्हणजे अल्टो, वॅगन आर वगैरेत, मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल येण्याचा प्रश्नच नाही. तिथे ओल असेल तर ते ब्रेक ऑइल, व्हील सिलिंडरच्या रबरातून गळणारं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरलेली दिसेल. बोलेरो, सुमो अशा मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत मात्र अॅक्सलचं ऑइल सील गेलं की हाऊसिंगमधलं तेल ड्रममध्ये येतं. ते दाट असतं आणि त्याला उग्र वास येतो. दोन्ही प्रकारांत भिजलेले लायनर पेट्रोलने पुसून किंवा घासून परत वापरू नका. तापल्यावर आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं.

इथेच लाल दिव्याबद्दल सांगून टाकतो. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही डॅशबोर्डवरचा दिवा विझत नसेल तर लिव्हरखालचा स्विच बिघडला असं समजून सोडून देऊ नका. पुष्कळ गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही हाच दिवा लागतो. आधी बॉनेट उघडून टाकी बघा.

उलटी तक्रार: हँडब्रेक सुटत नाही

पावसाळ्यात गाडी धुऊन, हँडब्रेक ओढून, दोन-चार दिवस उभी ठेवली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. सकाळी लिव्हर खाली केला तरी मागचं चाक जागचं हलत नाही. क्लच जाळत जोर लावू नका. पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकून गाडी हलके पुढे-मागे करा. बहुधा ठक असा आवाज होऊन चाक सुटतं. न सुटल्यास चाक काढून ड्रमच्या बाहेरून रबरी हातोड्याने ठोकावं.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, लातूर-नांदेडातली मुलं पुण्याला परत जाताना गावी गाडी ठेवून जातात तशी, तर सपाट जागेत हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. रोजच्या वापरात मात्र उलट आहे. हँडब्रेक रोज ओढा. न वापरलेली वायरच लवकर गंजते.

थोडा ओढलेला राहिलेला हँडब्रेक घेऊन लोक बीडहून संभाजीनगरपर्यंत येतात. मे महिन्यात रस्ता आधीच तापलेला, त्यात लायनर सतत घासतोय. जळका वास, कमी मायलेज, एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा जास्त गरम. रिमला हात लावू नका, जवळ नेऊन फरक कळतो. ड्रम फार तापला की व्हील सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल उकळू शकतं आणि मग पायाचा ब्रेकही स्पंजसारखा लागतो.

डिस्क आणि बटणवाले ब्रेक

मागे डिस्क असलेल्या गाडीत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. घाट उतरून आल्यावर डिस्क तापून फुगलेली असते. त्या वेळी हँडब्रेक जेमतेम ओढून आपण जेवायला गेलो, तर डिस्क थंड होताना आकसते, पकड ढिली होते आणि अर्ध्या-एक तासाने गाडी सरकू शकते. अजिंठ्याला किंवा कन्नडच्या घाटाखाली ढाब्यावर थांबताना दोन कट जास्त ओढा आणि गिअर टाकाच. ड्रममध्ये याच्या उलट होतं. तो थंड होताना शूंवर आणखी आवळतो.

बटणवाल्या ब्रेकचे पॅड बदलताना पिस्टन क्लॅम्पने मागे दाबायचा नसतो, आतली मोटर-स्क्रू मोडते. आधी सर्व्हिस मोडमध्ये मोटर मागे घ्यावी लागते. ज्या गॅरेजकडे त्याचं स्कॅनर नाही तिथे हे काम देऊ नका. आणि बॅटरी बसली तर हा ब्रेक सुटत नाही, तेव्हा जंपर केबल डिकीत असू द्या.

हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ मध्ये सार्वजनिक जागी चालकाविना उभी केलेली गाडी आपोआप हलणार नाही याची जबाबदारी चालकावर टाकलेली आहे. नुसता गिअर ही खात्री देत नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये दाबलेली हवा गाडीला अडवते, पण ती हवा रिंगांमधून हळूहळू निसटते. जुन्या, झिजलेल्या इंजिनची गाडी गिअरमध्ये असूनही उतारावर झटक्याझटक्याने वितभर पुढे आलेली दिसते ती यामुळे. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. तिसऱ्या-चौथ्यात टाकून ठेवलेली गाडी इंजिनला सहज फिरवते.

क्रमही महत्त्वाचा. पायाचा ब्रेक दाबून थांबा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग पाय सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. सरकली नाही तर इंजिन बंद करून गिअर टाका. रोज असं केलं तर हँडब्रेक कधी कमी पडायला लागला ते त्याच दिवशी कळतं. उतारावर पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा. घाटात कडेला दरी असेल तर डोंगराच्या बाजूला.

चाक बदलताना डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीचा, विचार करा. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक जॅकवर उचललं की गिअरची पकड संपते, कारण उचललेलं चाक मोकळं फिरतं. तेव्हा गाडी फक्त मागच्या हँडब्रेकवर उभी असते. मागचं चाक उचललं तर हँडब्रेक एकाच चाकावर उरतो. बोलेरोसारख्या गाडीचं मागचं चाक उचललं तर गिअर निरुपयोगी आणि हँडब्रेकही अर्धाच. आणि शाफ्टवर ब्रेक असलेल्या जुन्या जीपचं मागचं एक चाक उचललं तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते, शाफ्ट धरलेला असतो पण डिफरन्शियल दोन चाकांना उलटसुलट फिरू देतं. म्हणून स्टेपनीबरोबर दोन लाकडी ठोकळे कायम ठेवा. ऐन वेळी शोधलेला गोल दगड चाकाखालून घरंगळतो.

चढावर गाडी काढताना हाफ क्लचवर तोलून धरायची सवय अनेकांना असते, आणि ट्रॅफिकमध्ये दहा-दहा मिनिटं तसं केल्याने क्लच प्लेटचा जळका वास येतो. हँडब्रेक ओढून पाय मोकळे करा. निघताना क्लच इंजिन किंचित दबेपर्यंत सोडा, एक्सलेटर द्या, बॉनेट थोडं वर उचललं गेलं असं जाणवलं की बटण दाबून हँडब्रेक सावकाश खाली. परवान्याच्या चाचणीत चढावर मागे न सरकता गाडी काढायला सांगतात ती हीच गोष्ट.

गॅरेजात गाडी देताना "हँडब्रेक टाइट करा" असं म्हणू नका. म्हटलं तर तेच करून मिळेल. "मागचे दोन्ही ड्रम उघडा, अॅडजस्टर साफ करून मोकळे करा, वायर शेवटी सेट करा," असं सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहा. गाडी ताब्यात घेताना लिव्हर पूर्ण खाली करून गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून बघा, मग कट मोजा, मग गॅरेजबाहेरच्या एखाद्या उतारावर पाय सोडून बघा. पैसे त्यानंतर द्या.